चोविसावा आठवडा

लिफ्टचं दार मिटता मिटता तिच्या डाव्या कानातल्याची फिरकी निसटली आणि जमिनीवर कुठेतरी टिचकन वाजली. लिफ्टमध्ये ती आणि एक म्हातारा, दोघंच. ती वाकून पाहू लागली तसा तो म्हणाला, "थांबा ताई, हलू नका, पायाखाली जाईल." मग डाव्या हाताने कठडा धरून तो गुडघ्यात वाकला आणि दाराच्या खाचेशी अडकलेली ती मसुराएवढी फिरकी त्याने उजव्या हाताच्या चिमटीत उचलली. नुसती उचलली नाही. दोन बोटांत एकदा फिरवून पाहिली, तिच्यावर फुंकर मारली आणि मग तिच्या तळहातावर ठेवली. "उजव्या हाताने, बरं का," तो म्हणाला. त्याला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. "हा हात मेला होता. सात महिन्यांपूर्वी चमचासुद्धा धरवत नव्हता. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आता बोला! पण तुमच्या खालच्या हॉलमधल्या पोरींनी पिच्छा सोडला नाही. शेवटच्या दिवशी काटा एकोणिसावर नेला मी. त्या म्हणाल्या, आजोबा, यंत्र मोडाल." दुसरा मजला आला. त्याला कुठल्याशा कागदावर शिक्का हवा होता. उतरताना त्याने हाताची मूठ करून तिला दाखवली, लहान मूल गोळी लपवून दाखवतं तशी, आणि दार मिटलं.

चौथ्या मजल्यावर आपल्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत तिच्या मनात काही नव्हतं. एका म्हाताऱ्याचा हात बरा झाला, चांगलं झालं. पिशवी खुंटीला अडकवली, पाण्याची बाटली भरून आणली, संगणक सुरू केला आणि फिरकी कानात घालायला हात वर नेला, तिथेच तो थांबला. एकोणीस? शेवटच्या दिवशी एकोणीस? चोविसाव्या आठवड्यात कुणाचाच आकडा बाराच्या वर नव्हता. हे तिला पाठ होतं. तो तक्ता तिनेच केला होता.

झटका येऊन हात लुळा पडलेल्या माणसांसाठी तळमजल्यावर एक हॉल होता. तिथे रोज व्यायाम करून घेत आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या हातात पकड मोजायचं यंत्र देत. मूठ आवळली की काटा किती किलोपर्यंत सरकतो, तो आकडा लिहून घ्यायचा. दोनशे बारा माणसं, प्रत्येकाचे चोवीस आठवडे. ते सगळे आकडे वर तिच्याकडे येत. माणसं येत नसत. तीन वर्षांत ती त्या हॉलमध्ये दोनदा गेली होती. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला आणि एकदा खालचा पंखा बिघडला की वरचा, हे बघायला. आकड्यांचा हिशेब करून तिने जो अहवाल दिला होता त्यात चार खुणेचे आठवडे होते: पहिला, आठवा, सोळावा, चोविसावा. पहिल्याला सरासरी पाच किलो. आठव्याला अकरा. सोळाव्याला तेरा. आणि चोविसाव्याला पुन्हा सहा. म्हणजे चढतं आणि उतरतं. विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, तो तक्ता पट्टी लावून ओळ न् ओळ वाचला होता आणि चष्मा काढून म्हणाल्या होत्या, "नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!" तेच वाक्य जरा सभ्य भाषेत अहवालात गेलं. सुरुवातीचा हुरूप ओसरल्यावर सुधारणा टिकत नाही. अहवाल संस्थेच्या विश्वस्तांकडे गेला. उद्या अकरा वाजता त्यांची बैठक होती, आणि विषयपत्रिकेवर तिसरा विषय होता हॉल बंद करण्याचा.

कुणी तरी एकोणीस म्हणालं तर म्हणालं. म्हातारी माणसं आकडे फुगवून सांगतात. तिने चहा आणला. दोन पत्रांना उत्तरं दिली, त्यातल्या एकाला गरज नव्हती. शेजारच्या टेबलावरची कुंडी उगाच उन्हात सरकवली. पण मनात त्या चिमटीची हालचाल चालूच होती, अंगठा पुढे, तर्जनी मागे, फिरकी फिरते आहे. आकडा फुगवता येतो. चिमूट कशी फुगवणार? आणि त्या चिमटीच्या मागून दुसरा एक हात पुढे यायला लागला, तो तिला बघायचा नव्हता. आईचा. मांडीवर उलटा पडलेला, बोटं आत वळलेली, कुणीतरी विसरून गेलेल्या मोज्यासारखा.

आई जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढायची. चौतीस वर्षं. शाईच्या पेनाने, केसाएवढ्या रेघा. लहानपणी हिला वाटायचं की नद्या आईमुळे वळतात. चार महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना आईच्या हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला ती वाकली, ती बराच वेळ उठलीच नाही. जीव वाचला, जीभ वाचली, पाय थोडा अडखळत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. हॉलमध्ये यायला आई तयार नव्हती. "तुझ्या ऑफिसातल्या लोकांसमोर मी लुळी म्हणून बसू?" तेव्हा हिने तिथला व्यायामाचा छापील कागद घरी नेला आणि आईने एकटीने, खिडकीशी बसून, व्यायाम सुरू केला. पाच आठवडे केला. मग अहवाल पुरा झाला. त्या दिवशी संध्याकाळी आईने सहज विचारलं, "तुझा तो अभ्यास झाला ना? काय निघालं?" ती खोटं बोलू शकली असती. पण आईशी खोटं बोलायचं नाही हा ह्या दोघींचा जुना करार होता, वडील गेल्यापासूनचा. म्हणून तिने सांगितलं. आठव्या आठवड्यापर्यंत चढतं, सोळाव्यापर्यंत टिकतं, सहा महिन्यांनी जिथल्या तिथे. आई म्हणाली, "उतरायचंच असेल तर चढू कशाला?" दुसऱ्या दिवसापासून व्यायाम बंद. त्याला आता सहा आठवडे झाले. आईने तक्रार केली नाही, रडली नाही. डाव्या हाताने भाजी निवडायला शिकली. आणि ही रोज मनाशी म्हणत राहिली की निदान खोटी आशा तरी मी दिली नाही.

तिने मूळ फाइल उघडली. दोनशे बारा जणांच्या पहिल्या रकान्यांत वय, हात, व्यवसाय असं काय काय होतं. व्यवसायात 'घड्याळ दुरुस्ती' एकच सापडला. त्याच्या ओळीवर बोट ठेवावं तसा तिने बाण ठेवला आणि उजवीकडे सरकत गेली. पकड, चोविसावा आठवडा: एकोणीस. तिने दुसऱ्या खिडकीत आपली फाइल उघडली, हिशेब करण्यासाठी तिच्या प्रोग्रामने बनवलेली. तोच माणूस. चोविसावा आठवडा: पाच. एकच माणूस, एकच आठवडा, एकच मूठ. इकडे एकोणीस, तिकडे पाच. तिने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं.

तो प्रोग्राम तिचा अभिमान होता. तिच्या आधी त्या खुर्चीत एक गृहस्थ बसत, आता निवृत्त झालेले. त्यांना सगळे ओळीकाका म्हणत, कारण ते प्रत्येक आठवड्यासाठी वेगळी ओळ लिहीत. पकड एकसाठी एक सूचना, पकड दोनसाठी तीच सूचना, पकड तीनसाठी तीच, अशा चोवीस. आणि मोजमापं पाच प्रकारची, म्हणजे एकशे वीस. पानंच्या पानं तीच ती ओळ, आकडा तेवढा बदललेला. ती आली आणि तिने पहिल्या महिन्यात ते सगळं काढून टाकलं. चोवीस रकान्यांना मिळून एक नाव दिलं. संख्याशास्त्राच्या पॅकेजात त्याला ॲरे म्हणतात. एकदा ॲरे केला की प्रत्येकाचं नाव घ्यायची गरज नाही, नंबरने हाक मारायची: आठवा, सोळावा, चोविसावा. एकशे वीस ओळींच्या जागी सहा. बाई खूश झाल्या. "हिने घर झाडून काढलं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. ओळीकाका तेव्हा अजून होते, निवृत्तीला पंधरा दिवस राहिलेले. तेही हसले होते. आणि ॲरेत कोणते रकाने घ्यायचे ते सांगताना तिने सगळ्यांत सुटसुटीत पद्धत वापरली होती: 'पकड' असं लिहून पुढे दोन टिंबं. म्हणजे ज्यांचं नाव 'पकड'ने सुरू होतं ते सगळे. जुन्या फाइलीवर चालवून पाहिलं तेव्हा उत्तर ओळीकाकांच्या उत्तराशी दशांशापर्यंत जुळलं होतं. मग शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

आता ती मूळ फाइलीतले रकाने डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचू लागली. पकड एक. पकड दहा. पकड अकरा. पकड बारा. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. एक, दहा, अकरा, बारा, तेरा, थेट एकोणीसपर्यंत, आणि मग दोन. मग वीस, एकवीस, चोवीसपर्यंत. मग तीन. चार. शेवटी नऊ. गेल्या वर्षी हॉलमध्ये नवीन संगणक आला होता; तो रकाने अकारविल्हे लावून पाठवत होता. आणि संगणक आकडाही अक्षरासारखा वाचतो, आधी पहिला अंक; म्हणून त्याच्या अकारविल्हेत एकच्या मागे दोन उभा राहत नाही, दहा राहतो. ओळीकाकांनी प्रत्येकाला नावाने हाक मारली असती, त्यांना रांगेशी कर्तव्य नव्हतं. हिने नंबर पुकारला होता, आणि नंबर पुकारला की नाव काही का असेना, रांगेत त्या जागी जो उभा असेल तो पुढे येतो. आठवा म्हणून आला तो सोळावा आठवडा. सोळावा म्हणून आला तो तेविसावा. आणि चोविसावा म्हणून जो मुकाट्याने पुढे आला, ज्याच्या जोरावर हॉल बंद होणार होता, तो होता नववा.

शाळेत कवायतीचे एक मास्तर होते. त्यांना मुलींची नावं लक्षात राहत नसत, म्हणून ते हजेरीच्या नंबरने बोलावत. एकदा कुणीतरी मैदानावरचा चुन्याचा डबा लाथाडला. कुणीतरी म्हणजे हिने. मास्तरांना कुणी चुगली केली, "बारा नंबर." हजेरीत बारावी ही होती. पण कवायतीत रांग उंचीप्रमाणे लागायची, आणि मास्तर तरातरा येऊन मोजत मोजत रांगेतल्या बाराव्या मुलीसमोर थांबले. एक उंच, सावळी, घोगऱ्या आवाजाची मुलगी. तिने काही न बोलता उन्हात तास काढला, पायाच्या अंगठ्यावर उभं राहून. का बोलली नाही? कदाचित तिला वाटलं असेल, आपल्या हातून काहीतरी झालंच असणार. मोठी माणसं इतक्या खात्रीने सांगतात तेव्हा तसं वाटतं. ही पाचव्या जागेवरून तिच्या पोटरीचा थरथरता स्नायू बघत राहिली. हीही बोलली नाही. नंतर वर्षभर ती त्या मुलीशी गरजेपेक्षा गोड वागत होती, आणि त्या मुलीला त्याचं कारण कधी कळलं नाही.

तिने दोन टिंबं पुसली. त्या जागी 'पकड एक ते पकड चोवीस' अशी आडवी रेघ घातली. त्या रेघेने रकाने नंबरांच्या क्रमाने येतात, रांगेत कुठेही उभे असोत. कळ दाबली. तीन सेकंदांत तक्ता आला. पहिला आठवडा पाच. आठवा साडेपाच, म्हणजे नसल्यासारखंच. सोळावा अकरा. चोविसावा चौदा. तिने सगळे चोवीस आठवडे काढून पाहिले. पहिले नऊ-दहा आठवडे रेघ जमिनीला चिकटून चाललेली, पाहणाऱ्याची आशा संपावी इतकी सपाट. अकराव्यापासून तिने मान उचलली होती, आणि मग ती उतरलीच नव्हती. सगळेच काही बरे झाले नव्हते. तिसरा हिस्सा माणसं होती तिथेच होती. पण बाकीची! तिला एकदम हसू फुटलं, मोकळं, आवाज करून. शेजारच्या टेबलावरच्याने मान वर केली. शंभरावर माणसांच्या मुठी तिच्या डोळ्यांसमोर मिटत होत्या. क्षणभर हा निव्वळ आनंद होता, त्यात तिचं स्वतःचं काही नव्हतं. मग त्याच वाटेने, पाठोपाठ, लाज आली. आणि लाजेच्या मागून एक बारीक, व्यवहारी आवाज: अजून कुणाला माहीत नाही. बैठक उद्या आहे. हॉल तसाही खर्चाचा आहे. पुढच्या वर्षी कधीतरी, दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या ओघात, चूक सापडली म्हणून सांगता येईल. तो आवाज तिच्याच गळ्यातला होता. तिने तो पुरता ऐकून घेतला, ऐकल्याशिवाय तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. मग ती उठून जिन्यात गेली आणि तिने ओळीकाकांना फोन लावला.

"बोल गं," पलीकडून आवाज आला, मागे हातोडीची ठोकठोक. "थांब, खिळा तोंडात आहे." खिळा निघाल्यावर तिने सगळं सांगितलं. टिंबं, रांग, नववा आठवडा. बोलताना तिला वाटत होतं, आता ते म्हणतील, तरी मी सांगत होतो. पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी चोवीस ओळी का लिहायचो, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक आठवडा डोळ्याखालून जावा म्हणून."

"कसलं काय! मला ॲरे येत नव्हते. दोनदा पुस्तक आणलं, दोनदा परत केलं. विचारायची लाज वाटायची, वय झालेलं. म्हणून आपला लिहीत बसायचो, गाढवासारखा. एकदा त्या एकशे वीस ओळींत मी सतरा दोनदा लिहिला नि अठरा गाळला. चार वर्षं कुणाला कळलं नाही."

"मग?"

"मग काय, मला कळलं तेव्हा गेलो बाईंकडे. त्यांनी मला असं काही झापलं की घरी येऊन जेवलो नाही." ते हसले. "तुझी पद्धत चांगली आहे. ती टाकू नकोस. नंबर पुकारण्याआधी एकदा रांगेकडे बघायचं, एवढंच. आणि हे बघ, जेवून जा. उपाशी पोटी झापून घेऊ नये."

तिला जेवण गेलं नाही. तिने दोन्ही तक्ते छापले आणि बाईंच्या दारावर टकटक केली. बाई खिडकीशी उभ्या राहून नखं कापत होत्या. तिने कागद टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, एका दमात, 'मी' हा शब्द कुठेही न गाळता. मी तपासलं नाही. मी क्रम गृहीत धरला. बाईंनी पट्टी घेतली, दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचले. खोलीत फक्त पट्टी सरकल्याचा आवाज होता. तिला एकदम आईच्या टेबलाची आठवण झाली, कागदावरून पट्टी अशीच सरकायची आणि मागे नदी उमटायची.

"कधी कळलं?"

"साडेअकराला."

"आता दीड वाजलाय. दोन तास काय करत होतीस?"

"घाबरत होते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कठोर होता, पण त्या कठोरपणाचा रोख तिच्यावर नव्हता. "आणि मी?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं हात बघतेय मी. आठव्या आठवड्यात कुणाची मूठ अकरा किलोला जाते? हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी म्हण ठोकून दिली नि मोकळी झाले. नव्याचे नऊ दिवस! म्हण सापडली की माणूस विचार थांबवतो, मेलं." त्यांनी कागद हातात घेतले. "अहवाल मागे घ्यायचा म्हणजे नाक कापून घ्यायचं. अध्यक्ष महिनाभर ऐकवतील. उद्या तू माझ्याबरोबर यायचंस, आणि हे जसं मला सांगितलंस तसंच तिथे सांगायचंस. आणि हा हिशेब आता दुसऱ्या कुणीतरी पुन्हा करायचा, पहिल्यापासून, तुझा प्रोग्राम न बघता. चालेल?"

"चालेल."

"राग येईल तुला."

"नाही येणार."

"येईल, आणि यायला हवा. पण करायचं." मग त्यांनी फोन उचलला, अध्यक्षांचा नंबर फिरवला, आणि फोनवर हात ठेवून तिला म्हणाल्या, "बाहेर जा. मी शिव्या खाताना मला कुणी बघितलेलं आवडत नाही."

अर्ध्या तासाने निरोप आला. तिसरा विषय पुढे ढकलला. दुसरा हिशेब येईपर्यंत हॉल चालू. ती मुद्दाम हॉलमध्ये गेली नाही, तिथे कुणाला काही सांगितलं नाही. त्यांना तर माहीतही नव्हतं की उद्या त्यांचं काय होणार होतं. घरी निघताना तळमजल्यावर हॉलच्या काचेच्या दारातून मात्र तिने जाता जाता आत पाहिलं. एक जाडसर बाई कपड्याचे चिमटे दोरीला लावत होती, एक तरुण माणूस घामाने डबडबून पेला उचलत होता. पेला रिकामा होता. तो इंचभर उचलला गेला आणि खाली आला. तिच्या अंदाजाने हा माणूस आता सातव्या की आठव्या आठवड्यात असेल, त्या लांबलचक सपाट रेघेवर कुठेतरी. तिला दार उघडून ओरडावंसं वाटलं, थांबू नका. पण तो थांबतच नव्हता. त्याने पुन्हा पेल्याला हात घातला.

ती घरी चालत निघाली. एरवी बस घ्यायची. रस्त्यात ऊन उतरलं होतं, दुकानदार चादरी झटकत होते, एका दाराशी दोघं जण कपाट तिरकं करून आत घेण्यावरून भांडत होते. तिला सगळं नेहमीपेक्षा ठसठशीत दिसत होतं, ताप उतरल्यावर दिसतं तसं. विश्वस्तांसमोर उभं राहायचं, ते जमेल. दुसऱ्याने हिशेब तपासायचा, तेही जमेल. पण सहा आठवडे! रोज संध्याकाळी समोर बसून ती आईचा हात बघत होती आणि स्वतःच्या खरेपणावर खूश होत होती. खोटी आशा दिली नाही म्हणे. खोटी निराशा दिली, ती? तिच्यासाठी भाषेत धड शब्दही नाही; खोटी आशा म्हटलं की सगळे सावध होतात, निराशा मात्र खरीच धरून चालतात. आणि आईने ती किती सहज घेतली होती, त्या उंच मुलीने ऊन घेतलं होतं तशी, वाद न घालता. ह्या वेळी ही पाचव्या जागेवर उभी राहणार नव्हती. एवढं ठरलं तरी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं, आज सांगावं की उद्या, बैठक झाल्यावर? पण कुलपात किल्ली फिरली तोवर पायऱ्या संपल्या होत्या.

आई टेबलाशी बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होती. "आज लवकर?" तिने विचारलं, आणि मान वर करून पाहिल्यावर, "काय झालं?"

तिने खुर्ची ओढली आणि सांगितलं. बाईंना सांगताना जे सरळ निघालं होतं ते इथे अडखळलं. रकाने म्हणजे काय, रांग म्हणजे काय. आईने मधेच हात वर केला. "मला कळतं. आमच्याकडे एकदा नकाशाचे तुकडे चुकीच्या क्रमाने चिकटवले होते. नदी डोंगर चढून गेली होती. पुढे?"

"पुढे हेच की व्यायामाने हात सुधारतो. सगळ्यांचा नाही, तिघांतल्या दोघांचा. आणि सुधारला की टिकतो. मी तुला उलटं सांगितलं."

आईने हातातली शेंग खाली ठेवली. फ्रिज घुरघुरत होता, तो थांबला, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

"सहा आठवडे," आई म्हणाली.

"हो."

"तू सांगितलंस म्हणून सोडलं मी. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

"माहीत आहे."

"मला राग आलाय."

"हो."

"हो हो काय करतेस? मला खूप राग आलाय. मी रात्री हाताकडे पाठ करून झोपते, माहीत आहे? कूस बदलून. आपल्याच हाताकडे." आईचा आवाज चिरकला. ती कधी अशी बोलली नव्हती, झटका आला तेव्हाही नाही, आणि तिच्या गालांवर महिन्यांनंतर रंग चढला होता. क्षमा मागायची म्हणजे आईला पुन्हा समजूत घालायला लावायचं. ते तिला नको होतं. ती समोर बसून राहिली आणि राग अंगावर येऊ दिला. तो आला, आणि थोड्या वेळाने, जसा आला तसा, टेबलाच्या कडेवरून खाली गेला. आई साडीच्या काठाने नाक पुसून टरफलांकडे बघत होती. मग तिचे डोळे बारीक झाले, अंतर मोजताना व्हायचे तसे.

"कितव्या आठवड्यापासून फरक पडतो म्हणालीस?"

"अकराव्या. त्याआधी काहीच दिसत नाही. बहुतेकांना वाटतं, फुकट चाललंय."

"मी पाचव्यात सोडलं."

"हो."

"पाच आठवडे रोज वाटायचं, काही होत नाहीये. तू सांगितलंस तेव्हा मनात म्हटलं, बरोबर आहे, आपल्याला दिसतंच आहे." आई सावकाश बोलत होती, एकेक शब्द जागेवर ठेवत. "म्हणजे माझं काही बिघडलं नव्हतं. मी अजून तिथवर पोचलेच नव्हते."

तिने फक्त मान हलवली.

आईने डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून उचलला, शेंगांची टरफलं बाजूला सारली आणि तो टेबलावर ठेवला, तळवा वर. "दे," ती म्हणाली. हिने आपली दोन बोटं त्या तळव्यावर ठेवली. तळवा गार होता आणि मऊ, काम सोडलेल्या हाताचा. आईने ओठ आवळले. तिच्या मानेची शीर ताठ झाली, खांदा वर आला, श्वास रोखला गेला. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कळलं?" आईने श्वास सोडत विचारलं.

हिने नीट लक्ष देऊन पाहिलं होतं. पुन्हा एकदा मनात चाचपून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

आईने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि कोपर टेबलावर नीट टेकवलं. "बरं," ती म्हणाली. "पहिला आठवडा आहे. बोटं काढू नकोस."